सरासरीचा पाऊस कोणाच्या शेतात पडतो?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या बीड जिल्ह्यात दोन हिशेब एकदमच निघतात. घरात बेसन किती आणायचे हा एक, नि यंदाचे पाऊसपाणी कसे झाले हा दुसरा. पहिला हिशेब घरची बाई करते व तो सहसा चुकत नाही. दुसरा कचेरीत होतो, वर्तमानपत्रात छापून येतो आणि एका शब्दावर उभा असतो. तो शब्द म्हणजे ‘सरासरी’. जिल्ह्याने पावसाची सरासरी ओलांडली. मंडळाचे सरासरी उत्पन्न समाधानकारक. दरडोई सरासरी उत्पन्नात वाढ. चहाच्या कपाबरोबर हे वाचणाऱ्या माणसाला वाटते, चला, बरे झाले. ज्याच्या रानातले सोयाबीन कुजून काळे पडले त्याला मात्र वाटते, हा समाधानकारक प्रकार नेमका कोणत्या गावी घडला, तेवढे तरी छापायचे होते.

या शब्दाविरुद्ध माझी फिर्याद आहे, आणि ती ऐन सणात मांडतो म्हणून वाचकांनी रागावू नये. गणिताचे नाव काढताच हातातला सोऱ्या टाकून पळणारी माणसे मला ठाऊक आहेत. त्यांना एवढेच सांगतो की पुढे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांपलीकडे काही नाही. एक-दोनदा वर्गमूळ येईल, ते मी काढून देतो.

आधी सरासरीच्या बाजूने जे बोलायचे ते बोलून टाकू, कारण तिचे घराणे थोर आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इसवी सन ११५० च्या सुमारास, सरासरी कोठे भेटते? खड्ड्यात! खड्डा ओबडधोबड असेल तर त्याची रुंदी अनेक ठिकाणी मोजावी, मापांची बेरीज करावी, जितक्या ठिकाणी मोजले तितक्यांनी भागावे. लांबीचे व खोलीचेही तसेच करावे, मग तिन्हींचा गुणाकार म्हणजे खड्ड्याचे घनफळ, असा तो विधी आहे. (भास्कराचार्यांचे विज्जलवीड गाव म्हणजे आमचे बीडच असे म्हणणारे लोक आमच्याकडे आहेत. पंडितांचे त्यावर एकमत नाही. तेव्हा मी तो मान मागत नाही.) १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे खडी फोडायला नि माती उकरायला गेली, पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, त्या कामांवर खोदलेल्या मातीचे माप घेऊन मजुरी निघे. खड्डा एका कोपऱ्यात उथळ नि दुसऱ्यात खोल असला तरी बिघडत नसे. माती एकूण किती निघाली, एवढाच प्रश्न होता, आणि सरासरी या प्रश्नाचे उत्तर अगदी इमानाने देते.

पण त्याच खड्ड्यात पावसाचे पाणी साचले आणि शेजारच्या बाईचे पोर त्यात उतरले, तर खड्ड्याची सरासरी खोली दीड हात आहे हे तिला सांगून काय उपयोग? तिला पोर उभे आहे तिथली खोली हवी. एकूण किती, असे विचारले तेव्हा सरासरीने उत्तर द्यावे. अमक्याचे काय झाले, असे विचारले तेव्हा तिने गप्प बसावे. आमच्या राज्यकारभारात नेमके उलटे चालते. अमक्याचे काय झाले असे विचारायला गेलेल्या माणसाला एकूण किती झाले याची पावती मिळते.

आता पाऊस घ्या. बीड जिल्ह्याची वार्षिक सरासरी ६६६ मिलिमीटरांच्या आसपास धरली जाते. हा आकडा पश्चिमेकडच्या आष्टी-पाटोद्याच्या कोरड्या माळांना आणि पूर्वेकडच्या अंबाजोगाई-परळीला एकत्र बांधून काढलेला आहे. मुलगी एका तालुक्यात दिलेली व माहेर दुसऱ्या तालुक्यात असलेले हे लग्न शंभर वर्षांत जमलेले नाही. वर त्यात दिवसांचा घोळ. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. फुलोऱ्यात आलेले पीक माना टाकून उभे राहिले. २०२५ च्या सप्टेंबरात उलटे झाले. नद्या पात्र सोडून शेतात आल्या, काढणीला आलेले पीक तर गेलेच, पण कित्येकांची मातीही खरडून गेली. पीक तहानलेले असताना न पडलेला पाऊस आणि पीक हाताशी आल्यावर एका रात्रीत पडलेला पाऊस, या दोहोंची बेरीज कागदावर ‘सरासरीइतका’ अशी येऊ शकते. हवामान खाते तर सरासरीहून १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, एवढ्या सगळ्या पट्ट्याला ‘सामान्य’ म्हणते. हिशेबाची सोय म्हणून ते ठीकच. पण ‘सामान्य’ हा शब्द ज्याने पेरणी दोनदा केली त्याच्या कानाला कसा लागत असेल!

पाऊस निदान आकाशातून येतो. पीकविमा मुंबई-दिल्लीहून येतो, म्हणून त्याच्याशी भांडता येते.

विम्याची भरपाई कशी ठरते हे शहरातल्या वाचकांना बहुधा माहीत नसते. शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात किती पिकले याच्याशी तिचा थेट संबंध नाही. महसूल मंडळ हे एकक. एका मंडळात एका पिकासाठी किमान दहा ठिकाणे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडतात, प्रत्येक ठिकाणी ठरावीक मापाचा चौकोन आखून तेवढे पीक कापतात, मळतात, तोलतात. हा पीक कापणी प्रयोग. त्यांची सरासरी म्हणजे मंडळाचे यंदाचे उत्पन्न. (काही पिकांना अलीकडे उपग्रहावरून केलेल्या अंदाजाचीही जोड देतात.) दुसऱ्या बाजूला गेल्या सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिचे सत्तर टक्के धरतात. त्याला ‘उंबरठा उत्पन्न’ असे गोड नाव आहे. यंदाचे उत्पन्न उंबरठ्याच्या खाली गेले तर सगळ्या मंडळाला भरपाई. वर राहिले तर कोणालाच नाही.

चिठ्ठ्या टाकून शेत निवडण्याची ही शास्त्रशुद्ध पद्धत १९४० नंतरच्या दशकात देशात रुजवली ती पां. वा. सुखात्मे व वि. गो. पानसे या दोघांनी. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. त्याआधी पिकाचा अंदाज बांधावर उभे राहून नजरेने होई, आणि नजर कोणाची यावर तो ठरे. तेव्हा या पद्धतीचे ऋण मोठे आहे. पुढे १९७६ साली वि. म. दांडेकरांनी मांडले की एकेका शेतकऱ्याचा विमा या देशात चालणार नाही, विमा क्षेत्राचा असावा. त्यांचे म्हणणे बिनतोड होते. लाखो तुकड्यांचे पंचनामे कोण करणार? आणि केले तर त्यात लबाडी किती शिरेल? क्षेत्राचा विमा असला की आळशाला आळसाचे बक्षीस मिळत नाही, कारण भरपाई सगळ्या क्षेत्राच्या उत्पन्नावर ठरते. १९८५ च्या सर्वंकष पीकविमा योजनेपासून २०१६ च्या प्रधानमंत्री पीकविम्यापर्यंत सगळा डोलारा या विचारावर उभा आहे.

परंतु दांडेकरांच्या विचारात एक अट होती. क्षेत्र एकजिनसी असले पाहिजे. म्हणजे जमीन सारखी, पाऊस सारखा, पिकायचे तर सगळ्यांचे पिकेल व जायचे तर सगळ्यांचे जाईल. आमच्या बालाघाटाच्या अंगाखांद्यावरचे एखादे महसूल मंडळ पाहा. खाली नदीकाठची काळीभोर जमीन, वर मुरमाड माळ. एकाच्या शेततळ्यात पाणी, दुसऱ्याच्या विहिरीत दगड. हे एकजिनसी? दांडेकरांकडून कारभाऱ्यांनी सरासरी तेवढी उचलली नि अट गाळली. लग्नाला नवरी नेली, हुंडाही नेला, आणि नांदवायचे वचन तेवढे मांडवात विसरले!

ही अट मोजायची कशी, हे गणिताला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आकडे सरासरीपासून किती पांगले आहेत त्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. वर्गातले उदाहरण देतो. समजा वर्गाची मराठीची सरासरी ५० नि प्रमाण विचलन ५. गणिताची सरासरी ४० नि प्रमाण विचलन २०. एका मुलीला दोन्हींत ६० गुण मिळाले. घरी सांगेल, दोन्ही सारखेच. पण मराठीत ती सरासरीच्या १० वर, म्हणजे पांगापांगीचे दोन घास पुढे. गणितात ती २० वर असूनही एकच घास पुढे, कारण तिथे सगळेच इकडेतिकडे विखुरलेले. मराठीत तिचा प्रमाणित गुण २, गणितात १. इंग्रजीवाले याला ‘झेड-स्कोअर’ म्हणतात. आपल्या आकड्यातून सरासरी वजा करा, उरेल त्याला प्रमाण विचलनाने भागा. एवढीच त्याची कुंडली.

आता हे माप मंडळाला लावू. आकडे माझे, उदाहरणापुरते. समजा उंबरठा हेक्टरी ७.९८ क्विंटल निघाला. दहा ठिकाणी कापणी झाली. नऊ ठिकाणी ७ क्विंटल आले. दहावी चिठ्ठी नेमकी ठिबकवाल्या बागायतदाराची निघाली, तिथे १७. बेरीज ८०, सरासरी ८. उंबरठा ओलांडला! दहांपैकी नऊ जण उंबरठ्याच्या खाली पडले आहेत आणि मंडळ मात्र दिमाखात उंबरठ्यावर उभे. भरपाई शून्य. बागायतदाराने कोणाचे काही चोरलेले नाही, त्याने घाम गाळला आहे. त्याचा तो एक आकडा मात्र नऊ घरांची दिवाळी उचलून घेऊन गेला.

कोणी संख्याशास्त्रज्ञ म्हणेल, त्यासाठीच तर प्रमाणित गुण आहे. टोकाचा आकडा त्याने हुडकून काढू. ज्याचा प्रमाणित गुण तिनाच्या पलीकडे गेला तो संशयित, असा सर्वसाधारण रिवाज. करून पाहू. नऊ आकडे सरासरीपासून १ ने खाली; त्यांचे वर्ग नऊ वेळा १, म्हणजे ९. दहावा ९ ने वर. त्याचा वर्ग ८१. एकूण ९०, दहांनी भागले की ९, वर्गमूळ ३. हे झाले प्रमाण विचलन. बागायतदाराचा प्रमाणित गुण ९ भागिले ३, म्हणजे ३. काठावर आहे, पलीकडे नाही. सुटला.

बरे, त्याच्या शेतात १७ ऐवजी १०७ क्विंटल निघाले असे धरू. असे सोयाबीन पृथ्वीवर पिकत नाही. लिहिणाऱ्याने एक शून्य जास्त दाबले असेल. सरासरी १७ होते. नऊ जण १० ने खाली, त्यांचे वर्ग ९००. हा ९० ने वर, वर्ग ८१००. एकूण ९०००, दहांनी भागून ९००, वर्गमूळ ३०. प्रमाणित गुण ९० भागिले ३०, पुन्हा ३! दहा लाख क्विंटल लिहिले तरी उत्तर ३ च येणार. दहा जणांच्या पंगतीत तिनाच्या पलीकडे कोणाला जाताच येत नाही. टोकाचा आकडा सरासरी तर आपल्याकडे ओढतोच, शिवाय ज्या काठीने त्याला मोजायचे ती काठीही तोच ताणून लांब करतो. सावकाराने वजनमापे स्वतःच्या घरून आणावीत, नि मग मापात पाप नाही अशी शपथ घ्यावी, तसे हे.

यावर उतारा शाळेतल्या पोरालाही येतो. दहा आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत उभे करा आणि मधला उचला. त्याला मध्यक म्हणतात. आमच्या उदाहरणात मध्यक ७. बागायतदाराकडे १७ पिकोत की १०७, मधला माणूस जागचा हलत नाही. राज्याच्या दरडोई उत्पन्नाचेही असेच. मुंबई, ठाणे, पुण्याच्या जोरावर राज्याची सरासरी वर चढते, आणि बहुसंख्य जिल्हे, आमचा धरून, तिच्या खाली राहतात. बहुसंख्य लोक सरासरीच्या खाली कसे, असे एकदा एका गृहस्थांनी मला विचारले होते. त्यांना ते गणित चुकल्याचे लक्षण वाटत होते!

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे सरासरी टाका, प्रमाणित गुण काळजीपूर्वक वापरा, मध्यक धरा, झाले. दुर्दैवाने इतके सोपे नाही, आणि माझे खरे भांडण इथून पुढे आहे. प्रमाणित गुण सांगतो की घडले ते नेहमीपेक्षा किती वेगळे घडले. किती वाईट घडले, हे तो सांगत नाही. कोकणात पाऊस दरवर्षी बऱ्यापैकी एका मापाने पडतो. तिथे तो २० टक्के घटला तर प्रमाणित गुण बराच खाली जातो, मोठी घटना ठरते. आमच्याकडे पाऊस मुळातच लहरी, प्रमाण विचलन मोठे. तीच २० टक्के घट आमच्या खात्यावर किरकोळ म्हणून नोंदली जाते. दुष्काळ जितका नेहमीचा, तितका तो आकड्यांत कमी दिसतो. रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण जणू सूत्रात बसवली आहे. पावसाची तूट मोजायला १९९३ पासून जगभर असा एक प्रमाणित निर्देशांक वापरतात आणि आपले हवामान खातेही वापरते. शास्त्रज्ञांना त्याची मर्यादा कळते. फाईलवर सही करणाऱ्याला ती कळते का, एवढाच प्रश्न आहे.

विम्याच्या उंबरठ्यातही हाच विंचू लपला आहे. सातांतली वाईट दोन वर्षे वगळतात, ही दया खरी. पण सातांत तीन वर्षे वाईट गेली तर? समजा सात वर्षांचे आकडे १४, १२, ५, १३, ४, १२ आणि ६. चार व पाच वगळले, सहा राहिलाच. पाचांची बेरीज ५७, सरासरी ११.४, तिचे सत्तर टक्के ७.९८. वरच्या उदाहरणातला उंबरठा मी इथूनच आणला होता. तिसरे वाईट वर्ष आलेच नसते, त्या जागी आणखी एक १२ असता, तर उंबरठा ८.८२ झाला असता. मग ८ ची सरासरी खाली पडली असती आणि बागायतदाराच्या चिठ्ठीसकट सगळ्या मंडळाला भरपाई मिळाली असती. म्हणजे ज्याने अधिक दुष्काळ सोसले त्याचा उंबरठा अधिक खाली. त्याच्या जुन्या दुःखाचीच पट्टी करून नवे दुःख मोजायचे!

पट्टी दुसऱ्या तऱ्हेने करता येते, याचा पुरावा याच जिल्ह्यातल्या प्रत्येक अंगणवाडीत टांगलेला आहे. पोराचे वजन-उंची घेऊन ताई तक्त्यात पाहतात. उंचीच्या मानाने वजनाचा प्रमाणित गुण उणे दोनच्या खाली गेला तर मध्यम कुपोषित, उणे तीनच्या खाली तर तीव्र. हाही झेड-स्कोअरच. पण त्याची सरासरी गावातल्या पोरांची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली हे तक्ते प्रसिद्ध केले, ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील चांगले खाणारी-पिणारी, आईच्या दुधावर वाढलेली निरोगी मुले मोजून. पोर कसे वाढायला हवे हे त्यांनी आधी ठरवले आणि मग प्रत्येक पोराला त्यापासून मोजले. गावातल्या उपाशी पोरांचीच सरासरी पट्टी म्हणून धरली असती तर एकही पोर कुपोषित निघाले नसते, आणि कचेरीत पेढे वाटले गेले असते. पोराला जो न्याय दिला तो पिकाला का नाही? या जमिनीत, या पावसात, सुधारलेल्या मशागतीने जे पिकायला हवे ते कृषी विद्यापीठांना काढता येत नाही काय?

मला उत्तर ठाऊक आहे: पैसा. २०२५ च्या खरिपापासून राज्यातला एक रुपयातला विमा बंद झाला आणि भरपाई कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावरच ठेवली गेली. त्याआधी बोगस अर्जांचा बोभाटा झाला व त्यात बीडचे नाव पुढे होते. तो बोभाटा खोटा होता असे मी म्हणत नाही. ज्यांनी दुसऱ्याच्या, सरकारच्या, नसलेल्या जमिनीवर विमे उतरवले त्यांना शिक्षा व्हावी. पण तेही टोकाचेच आकडे होते, आणि त्यांच्यावरून सगळ्या जिल्ह्याची नियत ठरवणे ही आणखी एक सरासरी झाली. चोर निवडून काढण्याचा कंटाळा आला म्हणून सगळ्या गावाला सारखेच मोजायचे, हा न्याय कोणत्या स्मृतीत सांगितला आहे?

माझे मागणे फार मोठे नाही. मंडळातल्या दहा कापण्यांचे दहा आकडे, कोणत्या गावच्या शिवारात, बागायत की जिरायत, हे सगळे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा. शेजारी सरासरी लिहा, मध्यक लिहा, प्रमाण विचलन लिहा. ते विचलन मोठे निघाले तर ते क्षेत्र एकजिनसी नाही असे समजून मंडळ मोडा आणि गावनिहाय मोजा. गावपातळीवर चार कापण्यांची तरतूद नियमांत आहेच. फळा वाचायला सातवी-आठवीची पोरे पुरेत. आमच्याकडे पाडवा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ज्याला भरपाई मिळाली नाही तो मुकादमाकडून उचल घेतो, बायकोसह कोयता हाती धरतो आणि पोराचे दप्तर आजीच्या घरी टाकून ट्रॅक्टरवर चढतो. त्याने निघण्याआधी तो फळा भरलेला असावा.